आऊदा मुंबईची होती

बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकावर लिहायचं म्हणजे वाचक पळवून लावायची उत्तम सोय, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते. घरच्या मंडळींनी निदान अर्धं तरी वाचावं, कारण पुढे थेऊर आहे, पंडिता रमाबाई आहेत आणि ‘स्वामी’बद्दल दोन कडू शब्दही आहेत. त्यावरून आईचा फोन येणार हे गृहीत धरून बसले आहे.

तर झालं असं की २०२० साली महाराष्ट्र बोर्डाचं बारावीचं नवं ‘युवकभारती’ आलं. अकरावीला नाटक आणि बारावीला कादंबरी, असा एकेक साहित्यप्रकार मुलांना नीट शिकवायचा अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगलीच आहे. कादंबरीच्या विभागात तीन पुस्तकांतले उतारे घेतले: ई. आर. ब्रेथवेटची ‘टू सर, विथ लव्ह’, ज्यूल व्हर्नची ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि कॉनन डॉयलची ‘द साइन ऑफ फोर’. एक १९५९ची, एक १८७२ची, एक १८९०ची. तिन्ही लेखक पुरुष, तिन्ही गोष्टी पुरुषाच्या खांद्यावर बसून बघितलेल्या. इंग्रजी सायन्सला, कॉमर्सला, आर्ट्सला सगळ्यांनाच सक्तीची, आणि बारावीला बसणारी मुलं दरवर्षी चौदा-पंधरा लाखांच्या घरात. म्हणजे आपल्याकडे काशीबाई कानिटकरांचं नाव ज्यांनी ऐकलंय त्यांच्या कितीतरी पट मुलामुलींनी फिलिअस फॉगचं ऐकलं. (काशीबाई कोण, असं विचारणाऱ्यांसाठी: मराठीतल्या सुरुवातीच्या स्त्री कादंबरीकारांपैकी एक. ‘रंगराव’ १९०३ची. १९२८च्या ‘पालखीचा गोंडा’मध्ये त्यांनी बायकांच्या हातात अख्खं एक राज्य देऊन बघितलं होतं! पण तो वेगळा लेख.)

माझी भाची हे पुस्तक शिकत होती तेव्हा संध्याकाळी माझ्याकडे यायची. आळंदीहून रोज बसने कॉलेजला जायचं, चाकणच्या कंपन्यांच्या शिफ्ट सुटायच्या वेळी ट्रॅफिकमध्ये अडकायचं, आणि घरी येऊन गाईड उघडायचं. ते गाईड मी चाळलं. त्यात तिन्ही कादंबऱ्यांतल्या बायकांची ‘कॅरेक्टर स्केच’ होती आणि खरं सांगते, नावं झाकली तर कुठली कुणाची ते ओळखू येईना. सगळ्याच सुंदर, सगळ्याच शालीन, सगळ्याच कृतज्ञ. भाची म्हणाली, “मावशी, एक पाठ केलं की तिन्हींना चालतं.” परीक्षेच्या दृष्टीने तिचं चुकलं नव्हतं.

पण त्या तिघीचौघी इतक्या सारख्या आहेत का? मी मग मूळ पुस्तकं काढून वाचली. आऊदापासूनच सुरुवात केली, कारण ती तर आपलीच.

हो, आपलीच. हे गाईडमध्ये जाताजाता एका ओळीत होतं. आऊदा मुंबईची. पारशी. श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी, इंग्रजी शिकलेली, अनाथ झाल्यावर बुंदेलखंडातल्या एका म्हाताऱ्या राजाशी मनाविरुद्ध लावून दिलेली. राजा मरतो, तिला भांग-अफूच्या धुरात गुंगवून चितेकडे नेतात, आणि हत्तीवरून चाललेले फॉगसाहेब व त्यांचा नोकर पासपार्तू तिला सोडवतात. पुढे कळतं की ती सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या नात्यातली. तेच ते, ज्यांच्या नावाचं जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. व्हर्नने मुंबई पाहिली नव्हती, पण कुठल्यातरी पुस्तकातून हे नाव बरोबर उचललं आणि कादंबरीत पेरलं.

बाकी सगळं मात्र बेबंद आहे. पारशांमध्ये प्रेत जाळत नाहीत, तिथे सती कुठून येणार? शिवाय त्या समाजात बाहेर लग्न होत नसे, आणि ही मुलगी देऊन टाकली बुंदेलखंडच्या राजाला! ज्या मुंबईतून व्हर्नने तिला उचललं, तिथे दादाभाई नौरोजी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८४९मध्ये मुलींच्या शाळा काढल्या होत्या. १८६५मध्ये पारशांचा स्वतंत्र विवाह कायदा झाला होता. म्हणजे १८७२च्या ऑक्टोबरात, जेव्हा फॉग मुंबई स्टेशनवर रात्रीची गाडी पकडतो, तेव्हा त्याच शहरात आऊदाच्या वयाच्या खऱ्या पारशी मुली शाळा शिकून बसल्या होत्या. पॅरिसच्या ‘ल तां’ दैनिकात ही कादंबरी १८७२च्या शेवटी क्रमशः येत होती. तिथल्या वाचकाला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. आपल्याला आहे, किंवा असायला हवं. पण वर्गात हा उतारा शिकवताना कुणी पोरांना विचारलं असेल का, की अरे, ही तर आपल्या मुंबईची, हिच्याबद्दल हे खरं वाटतं का तुम्हाला?

आता थेऊर.

आमच्या देवाच्या आळंदीखेरीज पुणे जिल्ह्यात आणखी दोन आळंद्या आहेत, चोराची आणि म्हातोबाची. नव्या पाहुण्याला चुकीच्या आळंदीत उतरवायचा मान त्यांच्याकडे जातो. यातली म्हातोबाची आळंदी लोणी काळभोरकडे, आणि तिथून थेऊर जवळच. थेऊरला चिंतामणीचं दर्शन घेऊन लोक नदीकाठी जातात, तिथे रमाबाई पेशव्यांचं सतीचं स्मारक आहे. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ला थेऊरला गेले आणि रमाबाई सती गेल्या. व्हर्नची गोष्ट १८७२च्या ऑक्टोबरातली. बरोबर शंभर वर्षं, महिनाभराचा काय तो फरक. मध्ये १८२९ला बंगालात सतीबंदी झाली, १८३०ला मुंबई इलाख्यात झाली. म्हणजे व्हर्न जे दाखवत होता ते साफ काल्पनिक नव्हतं. आमच्याच जिल्ह्यात, आमच्याच नद्यांच्या काठी ते घडलेलं होतं. फक्त शंभर वर्षं आधी, आणि पारशांकडे नव्हे.

इथे मला ‘स्वामी’ आठवते. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ची, १९६४चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. आमच्या घरात तिची जी प्रत होती तिची शेवटची पानं सुटी झाली होती, इतक्या वेळा ती पुन्हा पुन्हा वाचली गेली होती. मराठी घरात ‘स्वामी’ वाचून रडली नाही अशी आधीच्या पिढीतली बाई मला भेटलेली नाही. १९८७च्या सुमारास दूरदर्शनवर मालिका आली तेव्हा रवींद्र मंकणी आणि मृणाल देव घराघरात माधवराव-रमा होऊन बसले. आणि ती कादंबरी संपते कशावर? रमेच्या सती जाण्यावर. ते लेखकाने इतकं सुंदर, इतकं मंगल करून लिहिलंय की वाचणाऱ्याला ते जाणं लग्नाला निघाल्यासारखं वाटतं. ऐतिहासिक व्यक्ती आहे, जे घडलं ते लिहिलं, हे मला मान्य. रमाबाईंच्या मनात काय होतं ते आज कुणी सांगू शकत नाही. पण हळहळ कुठे वाटायला लावायची आणि डोळे कुठे भरून आणायचे हे लेखकाच्या हातात असतं. व्हर्नच्या आऊदाला चितेपाशी एक शब्दही बोलता येत नाही, ती गुंगीत आहे. देसाईंची रमा बोलते, पण लेखकाला हवं तेवढंच. (आई, फोन उद्या कर, आज लाइट जायची वेळ झाली आहे.)

म्हणून ‘परक्या पुरुषांच्या कादंबऱ्या काढा आणि आपल्या लावा’ एवढंच म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आपल्या लावल्या तर त्याही वाचून बघाव्याच लागतील.

बरं, व्हर्नच्या पुस्तकात एक जागा अशी आहे की जी गाईडवाल्याने अगदी थंडपणे ओलांडली. फॉग लंडनला परत येतो. आपण पैज हरलो, पाच मिनिटं उशीर झाला, सगळे पैसे गेले असं तो समजतो. सॅव्हिल रो मधल्या घरात खोलीचं दार लावून बसतो. बोलत नाही, जेवत नाही. मग संध्याकाळी आऊदा त्याच्यासमोर येते आणि स्वतःहून विचारते, मला बायको करून घ्याल का? तिने विचारलं म्हणून पासपार्तू पाद्र्याकडे लग्नाचं ठरवायला धावतो, आणि तिथे कळतं की उद्या सोमवार नाही, रविवार आहे. पूर्वेकडून पृथ्वी प्रदक्षिणा केल्यामुळे एक दिवस वाचलेला. धावतपळत फॉग क्लबात पोचतो आणि पैज जिंकतो. म्हणजे, वाचकहो, जर त्या बाईने मागणी घातली नसती तर फॉग दार लावून बसून हरला असता! ८० दिवसांची ती सगळी यातायात शेवटी तिच्या एका प्रश्नावर तरली. आणि उत्तरपत्रिकेत आपण लिहायचं की ती सुंदर, शालीन आणि कृतज्ञ होती.

आळंदीच्या माणसाला तर ही जागा चुकवताच येऊ नये. दार लावून बसलेला कर्तबगार पुरुष आणि बाहेरून त्याला समजावणारी लहानशी बाई, ही गोष्ट आमच्या गावात सातशे वर्षं सांगितली जाते. लोकांनी अपमान केला म्हणून ज्ञानोबांनी ताटी लावून घेतली आणि धाकट्या मुक्ताईने ती उघडायला लावली. शाळेत आम्हाला ती गोष्ट मुक्ताईच्या प्रेमळपणाची म्हणून शिकवली. मोठ्या भावाला चार गोष्टी सुनावायचा तिचा अधिकार होता, असं कुणी शिकवलं नाही. आणि मागणीचं म्हणाल तर, आळंदी म्हणजे लग्नांचं गाव. मुहूर्ताच्या दिवसांत कार्यालयं भरून वाहतात आणि घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करायला येणारी जोडपीही इथेच येतात. त्यातल्या किती जोडप्यांत मुलीने आधी विचारलेलं असतं, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. भाचीला हे सांगितलं तर ती लाजली, हसली, आणि मग म्हणाली, “हे पेपरात लिहिलं तर मार्क देतील का?”

आता रमाबाई, पेशव्यांच्या नव्हे, पंडिता. आऊदाच्या बाबतीत व्हर्नला जे सुचलं नाही ते पंडिता रमाबाईंनी खरोखर केलं. १८८२मध्ये त्या विधवा झाल्या, लहान मुलगी पदरात. त्याच वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या. १८८६मध्ये आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ बघायला फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच अडीच-तीन वर्षं राहून, व्याख्यानं देऊन, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. आणि १८८८च्या अखेरीस त्या आल्या वाटेने परत फिरल्या नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीने जपान, मग हाँगकाँग, आणि १८८९च्या फेब्रुवारीत मुंबई.

नकाशावर बोट फिरवून बघा. ही पृथ्वीप्रदक्षिणा आहे! फॉगच्याच मार्गावरची कितीतरी बंदरं, फक्त उलट दिशेने. फॉग पूर्वेकडे गेला म्हणून त्याचा एक दिवस वाचला. रमाबाई पश्चिमेकडे गेल्या, म्हणजे हिशोबाने त्यांचा एक दिवस गेला. जवळजवळ सहा वर्षं लागली त्यांना, पण त्यांना कुठली पैज जिंकायची नव्हती. परत आल्यावर महिन्याभरात, ११ मार्च १८८९ला, त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. त्याच वर्षी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक काढलं. त्यात अमेरिकेची वाहवा आहे तशीच तिथल्या काळ्यांना आणि मूळ रहिवाशांना कसं वागवलं याची परखड नोंदही आहे. शारदा सदनातल्या सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून बाया कर्वे झाल्या. मुंबई इलाख्यातल्या विधवेची गोष्ट सांगायचीच तर ती ही अशी होती, हत्ती आणि चिता सोडून.

रमाबाई परतल्यानंतर नऊ महिन्यांनी, नोव्हेंबर १८८९मध्ये, नेली ब्लाय नावाची अमेरिकन पत्रकार फॉगला हरवायला न्यूयॉर्कहून निघाली. वाटेत फ्रान्समध्ये आमियाँला उतरून खुद्द व्हर्नला भेटली आणि ७२ दिवसांत परत आली. त्याच दिवशी एलिझाबेथ बिसलंड नावाची दुसरी बाई दुसऱ्या मासिकातर्फे उलट दिशेने निघाली, तिला चारेक दिवस जास्त लागले. म्हणजे कादंबरी येऊन अठरा वर्षं होतात न होतात तोवर तीन बायका जग फिरून आल्या होत्या. कुणालाही कुणी चितेवरून उचललेलं नव्हतं.

कादंबऱ्यांतल्या बायका खऱ्या बायकांसारख्या का नसतात, ही तक्रार काही माझी नाही आणि आजचीही नाही. मराठीत ती १८८२मध्ये छापून आली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं ते सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून उठलेल्या गदारोळाला उत्तर म्हणून. पण त्यात त्या वर्तमानपत्रांबरोबर कादंबऱ्या आणि नाटकांवरही घसरल्या. हळबे यांची १८६१ची ‘मुक्तामाला’, रिसबुडांची १८६८ची ‘मंजुघोषा’, ही त्या काळची लोकप्रिय पुस्तकं. नावं घेऊन त्यांनी त्यांचा समाचार घेतला आहे. अशा बायका तुम्ही पाहिल्यात कुठे, असा त्यांचा सूर. जोतीरावांनी १८८५मध्ये ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. नंतर हे पुस्तक जे विस्मरणात गेलं ते १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा काढेपर्यंत. मला विचाराल तर कादंबरी शिकवायच्या आधी ताराबाईंची चार पानं वाचून घ्यावीत. कादंबरी वाचताना वाद घालता येतो, एवढं तरी मुलींना कळेल.

त्या काळी मुलींनी इंग्रजी वाचावं की नाही हाच मुळी वाद होता, हे विसरून चालणार नाही. १८८४मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हा मुलींना मुलांसारखंच इंग्रजी-गणित कशाला, असा टिळकांचा आणि ‘मराठा’चा विरोध होता. रमाबाई रानडे यांनी १९१०च्या आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की इंग्रजी शिकतात म्हणून घरातल्याच बायका त्यांना किती टोचून बोलत. त्या भांडणातून मुली वर्गात पोचल्या. त्यांना वाचायला काय द्यायचं हे भांडण मात्र कुणी नीट भांडलंच नाही.

‘टू सर, विथ लव्ह’कडे वळते. ब्रेथवेट गयानाचा. इंजिनिअर, महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये होता, पण लंडनमध्ये काळ्या माणसाला नोकरी कोण देणार? म्हणून ईस्ट एंडमधल्या गरीब वस्तीतल्या शाळेत मास्तर झाला. अपमान गिळून उभा राहिलेला माणूस म्हणून तो मला फार आवडतो. वर्गात शिस्त आणायला तो नियम करतो की मुलींना ‘मिस’ म्हणायचं आणि मास्तरांना ‘सर’. चाकणच्या पट्ट्यातल्या कुठल्याही शाळेत, जिथे बाप कंपनीत आणि आई दुसऱ्या कंपनीच्या कँटीनमध्ये, तिथल्या पोरांना हे पुस्तक चटकन आपलं वाटेल. भाचीलाही तेच सर्वांत आवडलं.

पण हा नियम करायला कारण झालेला प्रसंग काय होता? वर्गातल्या शेगडीत कुणीतरी पाळीचा कपडा जाळायला टाकलेला असतो. सर संतापतात, मुलग्यांना वर्गाबाहेर काढतात आणि मुलींना बायकांच्या लाजलज्जेवर जे काही सुनावतात ते आज वाचवत नाही. कुणी टाकला, का टाकला, शाळेत मुलींसाठी सोय काय होती, हा प्रश्न पुस्तकात कुणाला पडत नाही. मुलगे बाहेर आणि शरम सगळी मुलींची. त्यानंतर मुली ‘सुधारतात’, नीटनेटक्या होतात, आणि लेखकाला तो आपला विजय वाटतो. ज्याला स्वतःच्या कातडीच्या रंगावरून लोक काय काय बोलतात ते इतकं बारीक दिसतं, त्याला हे दिसत नाही. हे मी त्याच्यावर राग म्हणून म्हणत नाही. पण कुणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे शिकवायचं असेल तर याहून चांगला उतारा शोधून सापडणार नाही. अर्थात तो पाठ्यपुस्तकात कुणी घेणार नाही. आपल्याकडे शाळांत अजून सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून देतात.

मध्येच एक चांगली बातमीही सांगते, नाहीतर बालभारतीवाले म्हणतील हिला फक्त खोड काढता येते. २०१९च्या जूनमध्ये दुसरीच्या नव्या पुस्तकांत चित्रं बदलली. आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत, डॉक्टर बाई आहे, स्वयंपाकी पुरुष आहे. अगदी साधी गोष्ट, पण कुणीतरी बसून ठरवून केलेली. दुर्दैव असं की त्याच महिन्यात दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जागी ‘वीस एक’ आलं, सगळा महाराष्ट्र त्यावर तुटून पडला, आणि भाजी निवडणारे बाबा त्या गडबडीत कुणाच्या लक्षातच आले नाहीत. असो.

चित्रातल्या आईबाबांची जागा बदलता येते. जुन्या कादंबरीतली बाई बदलता येत नाही, आणि बदलूही नये. तिच्याबद्दल विचारायचा प्रश्न मात्र बदलता येतो. ‘आऊदाचं व्यक्तिचित्रण करा’ ऐवजी ‘या गोष्टीत आऊदा स्वतः किती निर्णय घेते?’ असं विचारलं तर गाईडवाल्याला मूळ पुस्तक उघडावं लागेल. मी भाचीला तिन्ही पुस्तकांसाठी एवढा एकच प्रश्न दिला. ‘टू सर’साठी तिने लिहिलं की मुलींचे निर्णय सर घेतात. आऊदासाठी लिहिलं, एकच निर्णय, पण सगळी गोष्ट त्यावर.

मेरी मॉर्स्टनपाशी मात्र ती अडली. ‘साइन ऑफ फोर’ची ही नायिका. वडील हिंदुस्थानातल्या पलटणीत कॅप्टन, १८७८मध्ये लंडनला येऊन बेपत्ता झालेले. ती दुसऱ्यांच्या घरी गव्हर्नेस म्हणून नोकरी करून राहते. प्रकरण होम्सकडे घेऊन येते ती तीच, वडिलांचे कागद जपून ठेवते ती तीच, आणि शेवटी होम्स कबूल करतो की आपल्या कामाला लागणारी बुद्धी हिच्याकडे आहे. आणि हाच होम्स बायकांवर पुरता विश्वास कधी टाकू नये, असंही म्हणतो! १८५७च्या धामधुमीत आग्ऱ्याच्या किल्ल्यातून आलेला खजिना थेम्स नदीत बुडतो तेव्हा वॉटसनला आनंद होतो, कारण मेरी श्रीमंत झाली असती तर तिला मागणी घालायची त्याची छाती झाली नसती. तिचं नुकसान, त्याचं सुख. ती बिचारी तेही हसून घेते.

ही कादंबरी १८९०च्या फेब्रुवारीत आली. त्याच साली पुण्यात हरिभाऊंनी ‘करमणूक’ काढलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ यायला लागली. यमू स्वतःची गोष्ट स्वतः सांगते, बालविवाहापासून जबरदस्तीच्या केशवपनापर्यंत. लिहिणारा पुरुषच, पण त्याने निदान गोष्ट सांगायचं काम तिला दिलं. लंडनमधली मेरी नोकरी करते, एकटी राहते, हवं तिथे जाते. पुण्यातल्या यमूला यातलं काहीच करता येत नाही. तरी यमू आपल्याला आतून कळते आणि मेरी कळत नाही, कारण मेरीकडे आपण सगळा वेळ वॉटसनच्या डोळ्यांनी बघत असतो. भाचीला मी ‘पण लक्षात कोण घेतो’ दिली. तीस पानांनंतर परत आणली. म्हणाली, बारावी झाल्यावर वाचते, आता सहन होत नाही. तेही बरोबर होतं.

मग तिने विचारलं, मेरीचं पुढे काय झालं? लग्न तर झालं वॉटसनशी. मी सांगितलं ते खरंच आहे, कुणीही तपासून बघा. होम्सला लेखकाने धबधब्यात ढकललं होतं. १९०३च्या ‘एम्प्टी हाउस’ या गोष्टीत त्याला परत आणलं, आणि त्याच गोष्टीत वॉटसनवर कोसळलेल्या दुःखाचा अर्ध्या वाक्यात उल्लेख येतो. बस्स, तेवढंच. कशाने गेली, कधी गेली, काही नाही. त्यानंतर वॉटसन पुन्हा बेकर स्ट्रीटवर होम्सच्या घरी राहायला जातो.

भाचीने थोडा वेळ विचार केला. “म्हणजे खोली रिकामी करायला मारली तिला,” म्हणाली, आणि वहीत मेरीच्या नावापुढे निर्णयांच्या रकान्यात एक आकडा लिहून तो खोडला.